वाचकांचे प्रश्न : छापायला कुठली फाईल, वेबसाइटला कुठली?

गणपती झाले की पुण्यात छपाईचा जो सीझन सुरू होतो तो थेट लग्नसराई संपेपर्यंत, आणि दरवर्षी याच दिवसांत फाईलींबद्दलची पत्रं येतात. यावेळी इतकी आलीत की म्हटलं अख्खा महिना त्यालाच देऊया. मी गेली २२ वर्षं नारायण पेठेत डीटीपी आणि छपाईच्या फाईली तयार करायचं काम करते, अलीकडे वेबसाइटचीही कामं येतात, त्यामुळे खाली जे काय सांगितलंय ते रोजच्या हाताखालचं आहे.

ताई नमस्कार. आमच्या सोसायटीला यंदा ५० वर्षं होतायत म्हणून स्मरणिका काढतोय, ए-फोर साइज, ६४ पानं, आर्ट पेपर. सगळ्यांकडनं फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवले, दोनशेच्या वर आले. आता प्रेसवाले म्हणतात हे चालणार नाहीत, टिफ द्या. आमच्यातल्या एकाने बसून सगळे टिफ करून दिले, एकेक फाईल जवळजवळ ६ एमबीची झाली, तरी ते नाहीच म्हणतायत. नक्की द्यायचं तरी काय? — एक सभासद, कोथरूड

प्रेसवाल्यांचं बरोबर आहे, फक्त त्यांनी अर्धंच सांगितलंय. त्यांना जास्त पिक्सेलवाला मूळ फोटो हवाय, आणि बोलताना त्याला सरसकट 'टिफ' म्हणायची आमच्या धंद्यात सवय आहे.

व्हॉट्सॲपने फोटो लहान केला तेव्हाच त्यातला माल गेला. मोबाइलचा मूळ फोटो समजा १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरनं नुसता फोटो म्हणून पाठवलेले जे माझ्याकडे येतात ते बहुतेक १६०० बाय १२०० च्या आसपास असतात. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलमधले १९ लाख उरले. त्याचं टिफ केलं तर त्या १९ लाखांचंच टिफ होणार, फाईल ६ एमबीची होते कारण टिफ सहसा प्रत्येक पिक्सेल न दाबता मांडून ठेवतं, पण डब्यात जे नव्हतंच ते कुठून येणार? तसंच फोटोशॉपमध्ये रेझोल्यूशनच्या चौकटीत ७२ खोडून ३०० टाइप केल्याने पण काही होत नाही, एक तर फोटोचं माप लहान होतं नाहीतर प्रोग्राम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

आता हा ३०० आकडा आला कुठून ते सांगते, कारण सगळे तो नुसताच म्हणतात. ऑफसेटमध्ये फोटो ठिपक्यांनी छापला जातो, आर्ट पेपरवर साधारण एका इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी. एका ठिपक्यामागे दोन पिक्सेल धरले की छपाई स्वच्छ येते, म्हणून १५० दुणे ३००. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते म्हणून तिथे ठिपके मोठे, ८५-१०० ओळी, त्यामुळे तिथे २०० डीपीआय, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल, पण पुरतात. एखादं आर्ट पेपरवरचं रंगीत पान भिंगाखाली धरून बघा एकदा. आकाशी, गुलाबी, पिवळे, काळे असे चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसलेले दिसतील, गालाची कातडी म्हणजे नुसती पिवळ्या-गुलाबी ठिपक्यांची रांगोळी असते. ती एकदा बघितली की पिक्सेल कमी पडले म्हणजे काय होतं ते आपोआप कळतं.

मग हिशोब सोपा आहे, पिक्सेलला ३०० ने भागायचं की इंच निघतात. १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. त्यामुळे तुमचे दोनशेच्या दोनशे फोटो टाकून द्यायची काही गरज नाही! कार्यकारिणीचे पासपोर्ट साइज चेहरे, पानात चार-सहा बसणारे सहलीचे फोटो, हे सगळे तीन-चार इंचांचेच छापले जाणार, ते व्हॉट्सॲपचे आहेत तेच चालतील. अख्ख्या ए-फोर पानाला मात्र २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, कडेला कापायला ३ मिलिमीटर ब्लीड सोडलं तर आणखी थोडे. तर आधी लेआउट ठरवा, कव्हरला, पूर्ण पानाला आणि अर्ध्या पानाला कुठले फोटो जाणार ते काढा, वीस-पंचवीस निघतील, आणि तेवढ्यांचेच मूळ मागा. ईमेलने, ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर कसेही, व्हॉट्सॲपवरच पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून. पण ज्याने फोटो काढला त्याच्याच मोबाइलमधनं आलं पाहिजे, फॉरवर्ड होऊन आलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर लहान झालेलाच परत मिळतो.

आणि मूळ जेपीजी असेल तर जेपीजीच द्या, बदलू नका. लोकांना वाटतं जेपीजी म्हणजे हलकं काहीतरी, तसं नाहीये. १९९२ पासूनचं स्टँडर्ड आहे ते, फोटोसाठीच बनवलेलं. ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले जे बारकावे डोळ्याला सहसा जाणवत नाहीत ते गाळतं. एकदा, चांगल्या क्वालिटीत, गाळलं तर छापल्यावर सुद्धा कळत नाही. पण फाईल उघडली, थोडी उजळ केली, सेव्ह केली, परत उघडली, क्रॉप केलं, सेव्ह केलं, असं करत गेलं की दरवेळी नव्याने गाळप होतं. नुसतं उघडून बघितल्याने किंवा कॉपी केल्याने काही होत नाही, ती भीती काढून टाका.

मी या कामात नवीन होते तेव्हा एका शाळेच्या स्मरणिकेत निवृत्त होणाऱ्या बाईंचा पूर्ण पान फोटो होता. चार दिवस मी तो थोडा थोडा सुधारत होते आणि प्रत्येक वेळी जेपीजीतच सेव्ह करत होते, सात-आठ वेळा तरी झालं असेल. छापून आला तर बाईंच्या गालावर आणि मागच्या भिंतीवर बारीक बारीक चौकोन, अगदी मोजता येतील असे. बाईंनी एका शब्दाने काही म्हटलं नाही, मला मात्र फार वाईट वाटलं, ३६ वर्षं शिकवलं होतं त्यांनी आणि त्यांच्या हातात जाणारं ते एकच पान होतं. तो अंक अजून माझ्या कपाटात आहे, कामावर नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी ते पान दाखवते. काम चालू असेपर्यंत पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाईल) किंवा टिफ, आणि शेवटी एकदाच काय ते जेपीजी.

आजोबांचा १९५० च्या आसपासचा फोटो आहे, साधारण पोस्टकार्डाएवढा, ब्लॅक अँड व्हाइट. मोबाइलने त्याचाच फोटो काढला तर चालेल का? — बिबवेवाडी

स्कॅनच करा हो, इतका जुना फोटो आहे. मोबाइलने काढला की वरच्या दिव्याची चमक येते, कडा तिरक्या होतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला करून घ्या, ४ बाय ६ इंचाचा असेल तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतील म्हणजे दुप्पट मोठा करून छापता येईल. स्कॅनवाल्याला सांगा की 'कलर'मध्ये कर, फोटो काळा-पांढरा असला तरी, कारण पिवळे-तपकिरी डाग रंगीत स्कॅनमध्ये वेगळे ओळखू येतात आणि नंतर काढायला सोपे जातात. फाईल टिफ घ्या, सव्वीसेक एमबीची होईल, होऊ दे. ती दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका, नातेवाइकांना पाठवायला त्याच्यावरनं जेपीजी बनवा. फोटो जर एखाद्या जुन्या छापील अंकातला असेल तर स्कॅनरमध्ये 'डिस्क्रीन' नावाचं बटण असतं ते चालू करायला सांगा, नाहीतर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांत अडकून चौकड्याचौकड्यांची जाळी दिसते.

ताई, मी घरगुती मसाले करते. लोगो डिझायनरकडनं करून घेतला, त्याने जेपीजी पाठवला. पाकिटाचा रंग मरून आहे, स्टिकर छापले तर लोगोभोवती पांढरा चौकोन आला, आणि प्रदर्शनासाठी मोठा फ्लेक्स केला तर अक्षरं फाटल्यासारखी दिसतायत. डिझायनर म्हणतो पीएनजी करून देतो. त्याने दोन्ही सुटेल का? — धायरी

पांढरा चौकोन जाईल, फाटलेली अक्षरं तशीच राहतील.

जेपीजीला पारदर्शक हा प्रकारच माहीत नाही, जिथे काही नाही तिथे पण ते पांढरा रंग भरतं. पीएनजीला माहीत आहे. पीएनजी आलं १९९६ ला, त्याआधी जिफ होतं पण त्यात एका चित्रात २५६ च रंग, आणि त्याच्या आतल्या पद्धतीवर पेटंटचा वाद निघाला म्हणून लोकांनी हे खुलं फॉरमॅट बनवलं. पारदर्शक पार्श्वभूमी, आणि काहीही न गाळता साठवणं. वेबसाइटला, व्हॉट्सॲपच्या डीपीला, बिलावर टाकायला उत्तम. पण पीएनजी हे पण पिक्सेलचंच आहे, ताणलं की फाटणारच, आणि दुसरं म्हणजे त्याला छपाईचे चार रंग ठाऊक नाहीत, ते फक्त स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात बोलतं.

तुम्हाला डिझायनरकडनं हवी आहे ती मूळ व्हेक्टर फाईल. त्यात पिक्सेल नसतात, 'इथून इथपर्यंत अशी वळणदार रेघ, आत हा रंग' असा हिशोब लिहिलेला असतो, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या स्टिकरवर आणि १० बाय ८ फुटांच्या फ्लेक्सवर तीच रेघ तेवढीच धारदार येते. आपल्याकडे बहुतेक जण कोरलमध्ये काम करतात, म्हणजे सीडीआर फाईल असेल, नाहीतर इलस्ट्रेटरची एआय. ती मागा, सोबत पीडीएफ मागा, वेबसाइटसाठी एसव्हीजी मागा. पैसे देऊन करून घेतलाय ना लोगो, मग मूळ फाईल मागायला संकोच कसला.

एक गोष्ट विसरू नका, 'कर्व्ह करून द्या' असं सांगा. तुमच्या लोगोत मराठी अक्षरं असतील. ती अक्षरं टाइप केलेलीच राहिली आणि फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की 'कांद्याचा मसाला'मधला 'द्या' फुटतो, वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते. आपल्याकडे अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट पण चालतात आणि युनिकोड पण, त्यामुळे हा घोटाळा जास्तच होतो. कोरलमध्ये कंट्रोल क्यू दाबलं की अक्षराचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो. फक्त त्याआधीची टाइप केलेली फाईल वेगळी ठेवायला सांगा, कर्व्ह झाल्यावर शब्द बदलता येत नाही.

आणि पीडीएफ आली म्हणजे व्हेक्टर आलं असं धरून चालू नका. जेपीजीच पीडीएफमध्ये ठेवून पाठवणारे खूप आहेत. उघडा, १६०० टक्क्यांपर्यंत मोठं करा, एखाद्या अनुस्वाराकडे बघा. गोल गरगरीत ठिपका दिसला तर खरं व्हेक्टर, पायऱ्या-पायऱ्या किंवा कडेला करडी धूळ दिसली तर तेच जुनं जेपीजी.

लक्ष्मी रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे, नवीन वेबसाइट केली. फोटोग्राफरकडनं छान फोटो काढून घेतलेत पण साइट उघडायला इतका वेळ लागतो की लोक कंटाळून जातात. वेबसाइटवाला म्हणतो सगळं वेबपीत टाका. सासरे म्हणतात फोटोची क्वालिटी कमी करायची नाही, पैठणी आहे ती. कोणाचं ऐकू? — शनिवार पेठ

दोघांचंही ऐका, पण आधी फोटोंचं माप बघा. कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, ८ एमबी वगैरे असेल, तसाच टाकलाय बहुतेक. एका पानावर ४० साड्या म्हणजे ३२० एमबी झाले, बसमध्ये उभं राहून मोबाइलवर बघणाऱ्या बाईने तेवढं उतरवून घ्यायचं? मोबाइलची रुंदी साधारण हजार-अकराशे पिक्सेल असते. यादीतल्या छोट्या चौकटींसाठी ५००-६०० पिक्सेल, साडी उघडल्यावरच्या मोठ्या फोटोसाठी १६०० पिक्सेल रुंदी, अशी दोन मापं करा. एवढ्यानेच तुमचं निम्म्याहून जास्त दुखणं जाईल, फॉरमॅट नंतर.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा २५ ते ३४ टक्के हलकं. आयफोनच्या सफारीने २०२० पर्यंत ते घेतलं नव्हतं म्हणून आम्ही पण टाळायचो, आता ती अडचण राहिली नाही. एव्हीआयएफ म्हणून त्याहून हलकं २०१९ मध्ये आलंय, तुमच्या वेबसाइटवाल्याला येत असेल तर करू दे.

पण सासऱ्यांच्या म्हणण्यात खरंच तथ्य आहे, आणि ते पैठणीच्याच बाबतीत जास्त आहे. काय होतं की फाईल हलकी करताना ही फॉरमॅट्स उजेड-सावली पूर्ण बारकाव्याने ठेवतात पण रंगात काटकसर करतात, चार पिक्सेलना मिळून एकच रंग. माणसाचा डोळा उजेडातला फरक चटकन पकडतो, रंगातला नाही, म्हणून हे सहसा खपून जातं. चेहऱ्यावर, झाडावर, डोंगरावर कळतच नाही. पण लालभडक पदरावर हिरवा पोपट, त्याची चोच एका धाग्याएवढी, अशा ठिकाणी दोन कडक रंग एकमेकांना भिडतात आणि कडेला मळकट तपकिरी रेघ उमटते. मी एका पदराचा फोटो दोन्ही पद्धतींनी करून मोठा करून बघितलाय, काटकसरीच्या फाईलमध्ये पोपटाची चोच पदरात विरघळली होती आणि जरीच्या सोनेरी धाग्याला लालसर झाक आली होती. गिऱ्हाईक नेमकं हेच बघतं, विणकाम. नेहमीच्या वेबपीत ही काटकसर बंद करता येत नाही, जेपीजीत येते, फोटोशॉपमध्ये क्वालिटी वरच्या आकड्याला ठेवली की तो रंग पूर्ण ठेवतो.

म्हणून असं करा. पूर्ण साडीचे, नेसलेल्या मॉडेलचे, यादीतले फोटो सगळे वेबपी, क्वालिटी ७५-८०. पदराचा आणि काठाचा जवळून घेतलेला एकच फोटो चांगल्या क्वालिटीच्या जेपीजीत, ४००-५०० केबी झाला तरी चालेल, तो साडी आवडलेलाच माणूस उघडणार आहे. आणि सगळे फोटो एसआरजीबी रंगात, म्हणजे बहुतेक सगळ्या स्क्रीनना कळणाऱ्या रंगमापात, करून टाका, फोटोग्राफर कधी कधी ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या मापात देतात आणि मग काही स्क्रीनवर राणी कलर फिका पडतो, साडी घरी गेल्यावर 'फोटोत वेगळी होती' म्हणून परत येते.

आयफोनचे फोटो 'एचईआयसी' म्हणून येतात, प्रेसचा कॉम्प्युटर उघडत नाही. — औंध

२०१७ पासून आयफोन फोटो तसेच साठवतो, जागा वाचते म्हणून. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधीचे असतील ते एकदा जेपीजी करून द्या, सगळ्यात वरच्या क्वालिटीला.

परीक्षेच्या फॉर्मवर फोटो २० ते ५० केबी मागतात, माझा ३ एमबी आहे. कितीही क्वालिटी कमी केली तरी एकतर बसत नाही नाहीतर चेहरा खराब होतो. — सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून

क्वालिटीला हात लावू नकोस, पिक्सेल कमी कर. फॉर्मवर माप दिलेलं असतं, बऱ्याचदा २०० बाय २३० पिक्सेल असतं. आधी चेहरा नीट क्रॉप कर, मग तेवढं माप कर, मग जेपीजी ८०-९० क्वालिटीला सेव्ह कर, फाईल आपोआप त्या मर्यादेत येते. फार लहान झाली तर क्वालिटी थोडी वाढव. सहीला पण तेच, फक्त पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, आणि कडेचा कागद कापून टाक.

सोसायटीची नोटीस टाइप करून तिचा फोटो ग्रुपवर टाकते, अक्षरं धुरकट दिसतात, ज्येष्ठ मंडळी तक्रार करतात. — सहकारनगर

पीडीएफ पाठवा. फोटो म्हणून टाकलं की तुम्ही पीएनजी दिलं तरी व्हॉट्सॲप त्याचं जेपीजी करतं, आणि जेपीजीला काळ्या-पांढऱ्या कडक कडा सांभाळता येत नाहीत, आपल्या लिपीत तर शिरोरेषा सलग चालते आणि तिच्यावर मात्रा, अनुस्वार, रफार, त्यामुळे सगळी धूळ नेमकी तिथेच साचते. 'पाणी ५ ते ७' मधला ५ आणि ७ सुद्धा नीट वाचता आला पाहिजे.

मुलीच्या लग्नाची पत्रिका करतोय. स्क्रीनवर पोपटी आणि केशरी इतके सुंदर दिसत होते, प्रूफ आलं तर पोपटी शेवाळासारखा आणि केशरी विटकरीकडे झुकलेला. प्रेसवाला म्हणतो फाईल चुकीची होती, डिझायनर म्हणतो प्रेस चुकली. — वडगाव बुद्रुक

बहुतेक कोणीच चुकलं नाहीये, कोणीतरी आधी सांगायला हवं होतं एवढंच. स्क्रीन उजेड फेकून रंग दाखवते, कागदावरची शाई उजेड शोषून. सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा, काळा या चार शायांतनं झळझळीत पोपटी आणि झगझगीत केशरी निघतच नाही, निघतो तो त्यांचा शांत भाऊ. डिझायनरने आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात काम केलं, शेवटी मशीनने सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांत बदललं, आणि रंग तिथे पडले.

आता अजून वेळ आहे म्हणून सांगते. फाईल आत्ताच सीएमवायके करून घ्या आणि रंग त्यात परत निवडा, केशरीला पिवळा १०० आणि मॅजेंटा ५०-६० च्या मध्ये, सायन आणि काळा शून्य, तो त्यातल्या त्यात खुलतो. पोपटीत मॅजेंटाचा एक टक्का पण राहू देऊ नका, शेवाळ त्यानेच होतं. तो झळझळीतच हवा असेल तर स्पेशल कलर छापावा लागेल, म्हणजे ती शाई वेगळी मिसळून घ्यायची, खर्च वाढतो. स्क्रीन प्रिंटिंगने पत्रिका करत असाल तर उलट सोपं, तिथे प्रत्येक रंगाची शाई मिसळलेलीच असते, पण मग फाईल व्हेक्टर आणि रंग वेगवेगळे केलेले लागतात, फोटो किंवा शेड चालत नाही.

ऑफसेटला फाईल द्यायची ती पीडीएफ, डिझायनरला 'पीडीएफ एक्स वन ए' म्हणून सांगा, त्यात आरजीबी शिल्लक राहतच नाही आणि फॉन्ट आत बसलेले असतात. मुहूर्ताची आणि नावांची बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत १०० टक्के, चार रंगांचा काळा केला तर प्लेट केसभर हलली तरी अक्षराला सावली येते. आणि दुसरं प्रूफ बघायला दुपारी जा, पत्रिका ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर काढलेलं मागा आणि ते दुकानाच्या दारात, उजेडात धरून बघा, आतल्या ट्यूबलाइटखाली केशरी वेगळाच दिसतो. पसंत पडलं की त्या प्रूफवर सही करून एक प्रत घरी आणा, मशीनवर कागद चढेल त्या दिवशी ती घेऊन जा.